दोन फूट

ट्रेसिंग पेपरवरची शाई पुसता येत नाही,
खरवडावी लागते.
अर्धं ब्लेड चिमटीत, तिरकं, श्वास रोखून,
कागद फाटणार नाही इतपतच.
मग नखानं घासून तो चट्टा गुळगुळीत करायचा
आणि नवी रेघ ओढायची,
जणू आधी तिथे काही नव्हतंच.

शहाऐंशी साली मी असा
बझार गेटमागच्या एका नाक्याचा फूटपाथ
दोन्ही अंगांनी दोन-दोन फूट खरवडला.
गोडांबेसाहेब म्हणाले होते, कोपरा गोल कर रे,
गाड्यांना वळायला जड जातं.
केला गोल. पेन नवं होतं, वळण सुरेख उतरलं.
साहेबांनी नकाशा खिडकीशी उजेडात धरला
आणि म्हणाले, वा.

एकास दोनशेच्या नकाशात
दोन फूट म्हणजे तीन मिलिमीटर.
तीन मिलिमीटरमध्ये करसनभाईंचं काचेचं खोकं दिसत नाही,
डोळ्याला भिंग लावून बसलेले करसनभाई तर नाहीच.
ते आधी पायरीवर सरकले, मग जिन्याखाली,
मग कुठे, ते विचारायचं मला सुचलं नाही.

गाड्या मात्र वेग न आवरता वळू लागल्या,
अगदी मी काढल्याबरहुकूम.
पाववाला हुसेन त्या वळणावर दोनदा पडला.
दुसऱ्या वेळी पावाच्या लाद्या गटारापर्यंत गेल्या.
मी समोर उभा होतो, जेवण करून आलेला,
तळहातावर बडीशेप तशीच.

आता शेहनाज मुकादम नावाची मुलगी आहे आमच्या खात्यात.
(निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी 'आमच्या'च म्हणतो.)
तिचा फोन आला,
काका, जुन्या नकाशावर तुमची सही आहे,
मूळ कड नेमकी कुठे होती?
फोनवर सांगता आलं असतं.
गेलो.

रविवार, पहाटेचे साडेपाच.
चुन्याची फक्की, सुतळी, केशरी शंकू,
कुणाच्या तरी गच्चीवरून मागून आणलेल्या चार कुंड्या.
कोपरा आवळून घेतलेला, गाडीनं दबकत वळावं असा.
कडेनं सायकलसाठी हिरवा पट्टा,
हातगाडीही जाईल एवढा, हे शेहनाजचं म्हणणं,
त्यावरून म्हणे वरिष्ठांशी तीन बैठका भांडली.
वीरचंद शहांनी शटर अर्धं उचलून विचारलं,
आणि गिऱ्हाइकानं गाडी काय डोक्यावर ठेवायची?
एका टेम्पोवाल्यानं शंकूला टायर लावून तो आडवा केला.
तिनं उभा केला. पुन्हा आडवा. पुन्हा उभा.
अकरा वेळा. दुसरं काम नव्हतं, मी मोजत होतो.

मूळ कड सुतळीत सापडेना.
मग मीच टाचेनं डांबर उकरत गेलो
गटाराच्या जाळीपासून हळूहळू डावीकडे,
आणि एके ठिकाणी बूट कडक लागला.
काळा दगड. घडीव. कड अजून शाबूत.
इथे, म्हटलं.
माझा आवाज जरा मोठाच निघाला.

आठवडाभराची चाचणी आहे.
मग समिती बसेल, शंकू राहतील की जातील ते ठरेल.
मला विचाराल तर जातील.
समित्यांचं चहापान मी पाहिलेलं आहे.

पण तेव्हा, फक्की अजून ओली असताना,
मी त्या दोन फुटांत नुसता उभा होतो,
कुठेही जायचं नसल्यासारखा.
मागून सायकलची घंटी वाजली
आणि मी सवयीनं भिंतीला चिकटलो,
शर्टाला चुना लागेपर्यंत.
पाववाला होता कुणी, मिसरूड न फुटलेला,
मागे लाद्यांवर निळं प्लास्टिक.
हिरव्या पट्ट्यातून जाता जाता हसला,
काका, तुम्ही कशाला हलताय?
घंटी त्या गाडीला होती.